डीपीशेजारचे घर : भीती कशाची बाळगावी आणि कशाची नाही

"आमच्या घराला लागून डीपी आहे. सूनबाईला सातवा महिना आहे. बाळावर काही परिणाम होईल का?" "वस्तीवरून मोठी लाइन गेली आहे. तिच्यातून किरण निघतात आणि कॅन्सर होतो, हे खरे का?" पाचोरा शहरात आणि तालुक्यातील वस्त्यांमध्ये आरोग्याचा विषय निघाला की असे प्रश्न येतातच. मोबाइलवर फिरणारे संदेश या भीतीत भर घालतात. उलट काही जण म्हणतात, "आम्ही वीस वर्षे डीपीखाली राहतो, आम्हाला काय झाले?" या दोन्ही बोलण्यांत अर्धेच सत्य आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय नीट उलगडून सांगत आहोत.

थोडक्यात सांगायचे तर, डीपी आणि तारा यांच्यापासून दिसत नसलेल्या किरणांची जेवढी भीती घातली जाते, तेवढा पुरावा शास्त्राकडे नाही. पण डोळ्यांना रोज दिसणारी लोंबती तार, उघडी पेटी, तुटलेले अर्थिंग आणि स्लॅबला टेकलेली लाइन मात्र दरवर्षी हजारो माणसांचा जीव घेते. आपण न दिसणाऱ्याला घाबरतो आणि दिसणाऱ्याकडे दुर्लक्ष करतो. हे उलटे झाले पाहिजे.

तारा आपल्याच डोक्यावर का?

पाचोरा हे हिवरा नदीकाठचे, मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. अशा गावांत गरिबांच्या वस्त्या कुठे उभ्या राहिल्या ते आठवून पाहा. नाल्याच्या काठी, रेल्वेच्या हद्दीशेजारी, गावाच्या कडेला, जी जागा दुसऱ्या कोणाला नको होती तिथे. विजेची मोठी लाइनही मोकळ्या, स्वस्त जागेवरूनच नेली जाते. त्यामुळे कुठे लाइन आधी आली आणि घरे नंतर तिच्याखाली सरकली, तर कुठे घरे आधी होती आणि खांब नंतर अंगणात रोवला गेला.

आता त्यात नवी गोष्ट झाली आहे. रमाई आवास किंवा पंतप्रधान आवास योजनेतून घरकुल मिळते. कुडाचे, पत्र्याचे घर जाऊन स्लॅबचे घर उभे राहते, ही आनंदाचीच गोष्ट. पण घराची उंची वाढते आणि तार मात्र होती तिथेच राहते. काल जी तार डोक्यावर दहा फूट होती, ती आज गच्चीवर उभ्या राहिलेल्या पोराच्या हाताला लागते. हा धोका घर बांधून झाल्यावर नव्हे, बांधण्याआधी ओळखायचा आहे.

दीपनगरपासून आपल्या बल्बपर्यंत

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात तयार झालेली वीज लांब न्यायची तर तिचा दाब वाढवावा लागतो, नाहीतर वाटेतच बरीचशी वीज तार तापण्यात वाया जाते. म्हणून ती १३२, २२० किंवा ४०० किलोव्होल्ट दाबाने मोठ्या मनोऱ्यांवरून धावते. एक किलोव्होल्ट म्हणजे हजार व्होल्ट. गावाजवळच्या उपकेंद्रात हा दाब ३३ आणि मग ११ किलोव्होल्टवर उतरतो. ११ हजार व्होल्टची ही लाइन गल्लीपर्यंत येते. तिथे खांबावर किंवा ओट्यावर जे यंत्र असते, त्याला कागदोपत्री रोहित्र म्हणतात आणि आपण डीपी म्हणतो. ते दाब आणखी उतरवून घरात २३० व्होल्ट देते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. डीपीला दोन बाजू असतात. वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट आणि खालच्या पेटीकडे घरगुती दाब. वरच्या तारेला हात लागण्याचीही गरज नसते. फार जवळ गेले तरी ती झेप घेते. खालच्या पेटीतील दाब कमी असला तरी माणूस मारायला तो पुरेसा आहे.

"किरण" म्हणजे नेमके काय?

तारेत दाब असला की तिच्याभोवती विद्युत क्षेत्र तयार होते. तारेतून प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्र तयार होते. आपल्याकडची वीज एका सेकंदात पन्नास वेळा हेलकावते, म्हणून हे क्षेत्रही पन्नास वेळा हेलकावते. याला लोक किरण म्हणतात. पण एक्स-रेचे किरण वेगळे. एक्स-रेत इतकी ताकद असते की तो पेशीच्या आतले धागे तोडू शकतो. विजेच्या तारेभोवतीच्या क्षेत्रात ती ताकद नाही. ते शरीरात साठूनही राहत नाही. लाइट गेली की क्षेत्रही गेले.

विद्युत क्षेत्र भिंत, झाड, छप्पर यांनी बरेचसे अडते. चुंबकीय क्षेत्र भिंतीने अडत नाही, पण अंतराने झपाट्याने कमी होते. ते मायक्रोटेस्ला या मापात मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मोठ्या मनोऱ्याच्या लाइनच्या बरोबर खाली ते सुमारे २० मायक्रोटेस्लापर्यंत जाऊ शकते आणि ५० ते १०० मीटर लांब गेले की इतर घरांइतकेच राहते. गल्लीतल्या डीपीचे क्षेत्र याहून फार लवकर ओसरते. साधारण चार-पाच मीटरवर, म्हणजे पंधरा फुटांवर, ते घरातल्या नेहमीच्या पातळीत मिसळून जाते. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली सामान्य लोकांसाठी ठरवलेली मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे लाइनच्या खालीसुद्धा आपण त्या मर्यादेच्या बरेच आत असतो.

मग कॅन्सरची गोष्ट आली कुठून?

ती हवेतून आलेली नाही. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांची घरे जास्त प्रवाहाच्या तारांजवळ अधिक प्रमाणात आढळतात, असे त्यात दिसले. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. २००० साली ते एकत्र करून पाहिले तेव्हा असे आढळले की, ज्या घरांत चुंबकीय क्षेत्र सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त आहे, तिथल्या मुलांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसते. अशी घरे फार थोडी असतात.

यावरून २००२ साली कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या चुंबकीय क्षेत्राला "२ ब" गटात टाकले. या गटाचा अर्थ "कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे" असा आहे. हीच संस्था तंबाखूचा धूर, चघळायची तंबाखू आणि सुपारी यांना "१" गटात ठेवते, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध. चुलीच्या लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला तिने "२ अ" गटात ठेवले आहे, म्हणजे डीपीपेक्षा एक पायरी वर. ज्या घरात आजोबांची बिडी, पोराचा गुटखा आणि कोंदट खोलीतील चूल चालू आहे, त्या घराने आधी डीपीची काळजी करणे म्हणजे दारातला साप सोडून दोरीला मारणे होय.

"दुप्पट" या शब्दाने घाबरून जाऊ नये. मुलांमधील रक्ताचा कर्करोग मुळातच दुर्मिळ आहे. वर्षाला एक लाख मुलांमागे चार-पाच जणांना तो होतो. २००० साली साऱ्या जगात सुमारे ४९ हजार मुलांना तो झाला असा अंदाज आहे. चुंबकीय क्षेत्रामुळेच तो होतो असे उद्या सिद्ध झाले, तरी त्यातील १०० ते २,४०० मुलांचाच संबंध त्याच्याशी लावता येईल, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आणि ते सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली मोठ्या लाइनजवळ जन्मलेल्या मुलांत हा आजार जास्त दिसला. पण तो सहाशे मीटरपर्यंत जास्त दिसला, जिथे लाइनचे क्षेत्र पोहोचतच नाही. पुढे २०१४ साली अधिक वर्षांची आकडेवारी पाहिली, तेव्हा १९६० आणि ७० च्या दशकांत दिसणारा हा फरक नंतरच्या दशकांत नाहीसा झालेला आढळला. तारा त्याच, क्षेत्र तेच, पण फरक गेला. याचा अर्थ कारण दुसरेच काही असावे. मोठ्या माणसांचा कर्करोग, गर्भपात, बाळातील व्यंग यांच्याशी तर या क्षेत्राचा संबंध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाइतकाही दाखवता आलेला नाही.

म्हणून सातव्या महिन्यातील सूनबाईला आमचे सांगणे असे. डीपीमुळे घर सोडून जाण्याची गरज नाही. तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, वेळेवर तपासणी आणि धूर नसलेले स्वयंपाकघर बाळासाठी लाखमोलाचे आहे. ज्यांना तरीही मनात शंका राहते, त्यांनी बिनखर्चाचा उपाय करावा. डीपी किंवा जाड केबल ज्या भिंतीला लागून आहे, त्या भिंतीजवळ खाट, पाळणा ठेवू नये. समोरच्या भिंतीकडे हलवावा. सात-आठ फुटांनी क्षेत्र पुष्कळ उतरते.

मुलाला कित्येक दिवस ताप जात नसेल, चेहरा पांढराफटक पडला असेल, अंगावर मार न लागता निळे डाग उठत असतील, हाडे दुखतात म्हणून ते रडत असेल किंवा मानेत-काखेत गाठी आल्या असतील, तर डीपीला दोष देत बसू नका. पाचोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्ताची साधी तपासणी करून घ्या. मुलांमधील रक्ताचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, त्याची चौकशी रुग्णालयातच करावी.

झिणझिण्या, घुमणे आणि डीपीचे तेल

मोठ्या लाइनखालच्या पत्र्याला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात. लाइनच्या विद्युत क्षेत्रामुळे पत्र्यावर थोडा भार चढतो आणि आपल्या अंगातून तो जमिनीत उतरतो. पत्र्याला जाड तार जोडून ती जमिनीत नीट गाडली, म्हणजे अर्थिंग केले, की हे थांबते. पण इथे एक मोठी सावधगिरी हवी. पत्र्याला करंट येण्याचे कारण लाइनच असेल असे नाही. घरातील एखाद्या वायरचे कातडे सोलून ती पत्र्याला टेकली असेल, तर तोच पत्रा जीव घेतो. म्हणून झिणझिण्या आल्या की आधी मेन स्विच बंद करावा आणि जाणकार वायरमनकडून कारण शोधून घ्यावे. स्वतः अंदाज बांधू नये.

डीपी घुमते, कारण तिच्या आतील लोखंडी पट्ट्या सेकंदाला शंभर वेळा थरथरतात. या आवाजाने अपाय होत नाही. पण रात्रभर तो कानाशी असला की झोप मोडते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला मोडलेली झोप चांगली नाही. सरकारच्या नियमानुसार राहत्या भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आवाज अचानक वाढला, चरचर किंवा फटफट ऐकू येऊ लागली, तर तो सैल झालेल्या जोडाचा किंवा वाढलेल्या भाराचा इशारा समजावा आणि लगेच कळवावे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घरोघरी कूलर चालू असतात, तेव्हा डीपी तापून पेटण्याचा धोका सर्वात जास्त. डीपीखाली कचरा जाळणे, पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या रचणे, टपरी लावणे कटाक्षाने टाळावे. आग लागलीच तर पाणी टाकू नये. माणसे लांब करावी आणि अग्निशमन दल व महावितरण यांना कळवावे.

डीपीत थंडाव्यासाठी तेल असते. ते गुडघेदुखीवर चोळले की आराम पडतो, असा एक समज आहे. कोणी बाटलीभर आणून दिले तरी ते अंगाला लावू नका, दिव्यात जाळू नका, तळणाला तर मुळीच वापरू नका. जुन्या डीपींच्या तेलात पीसीबी नावाची रसायने असू शकतात. ती कर्करोग करतात हे सिद्ध झालेले असून वर उल्लेख केलेल्या संस्थेने त्यांना "१" गटात ठेवले आहे. ती शरीरातील चरबीत साठतात आणि आईच्या दुधातून बाळाला मिळतात. भारत सरकारने २०१६ साली आदेश काढून त्यांच्या वापरावर बंधने आणली. डीपीतून तेल गळत असेल तर मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका आणि गळतीची तक्रार करा.

छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी उपकेंद्राजवळ किंवा मोठ्या लाइनखाली राहत असल्यास तसे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना सांगावे. इतर माणसांसाठी जे क्षेत्र निरुपद्रवी आहे, ते काही यंत्रांना गोंधळात टाकू शकते.

खरा मारेकरी : स्पर्श

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार अलीकडच्या वर्षांत देशात दरवर्षी बारा हजारांहून जास्त माणसे विजेचा धक्का लागून मरतात. म्हणजे रोज तीसहून अधिक. हे मरण शंकेचे नाही, मोजलेले आहे.

जुना साठचा बल्ब जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या आठव्या भागाइतका प्रवाह छातीतून गेला तरी माणूस दगावू शकतो. याहून कमी प्रवाहातही हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली तार सोडता येत नाही. ओले अंग, अनवाणी पाय, चिखल यांमुळे प्रवाहाची वाट सोपी होते. म्हणून पावसाळ्यात अपघात वाढतात.

विरारच्या कारगिल नगरातील घटना आपल्या सर्वांच्या लक्षात राहायला हवी. १३ एप्रिल २०२३ च्या रात्री बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक संपत आली असताना वाहनावरची लोखंडी सळई रोहित्राला लागली. दोन तरुण जागीच गेले, काही जण भाजले. त्याच्या आदल्या वर्षी, २७ एप्रिल २०२२ रोजी, तामिळनाडूत तंजावरजवळ मंदिराचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागून अकरा जण मरण पावले. झेंडा कोणाचाही असो, तार भेद करत नाही. जयंतीच्या मंडळांना आमची विनंती आहे की मिरवणुकीचा मार्ग आधी दिवसाउजेडी चालून पाहावा, सर्वात खाली लोंबणारी तार कुठे आहे ते टिपावे आणि रथाची उंची त्यावरून ठरवावी. झेंड्याला लोखंडी पाइप न वापरता सुका बांबू किंवा फायबरची काठी घ्यावी. तोही ओला झाला की भरवशाचा नाही. त्या मार्गावरचा वीजपुरवठा तेवढा वेळ बंद ठेवावा म्हणून महावितरणला आठवडाभर आधी लेखी पत्र द्यावे.

वस्तीत रोज दिसणाऱ्या पुढील गोष्टींवर आजपासून नजर ठेवा.

• खांबाला किंवा खांबाच्या ताण तारेला कपडे वाळत घालणे, बकरी बांधणे, सायकल टेकवणे बंद करा. इन्सुलेटर फुटला की ताण तारेतही करंट उतरतो.

• डीपीच्या पेटीला झाकण नसेल तर मुलांच्या हाताला ती पोहोचते. पेटीचे दार बसवून कुलूप लावणे हे महावितरणचे काम आहे. ते मागून घ्या. फ्यूज उडाला तर स्वतः तार बांधायला जाऊ नका.

• गच्चीवर सळया, पाइप, लांब शिडी, अँटेना उभी करताना आधी वर पाहा. पतंग तारेत अडकला तर तो गेला असे समजा.

• रेल्वेमार्गावरील तारेत २५ हजार व्होल्ट असतात. उभ्या डब्यावर किंवा मालगाडीवर चढून फोटो काढणाऱ्या मुलाला तार शिवलीच पाहिजे असे नाही, जवळ गेला तरी पुरते. पाचोऱ्यातील मुलांना हे घराघरांत सांगा.

• तार तुटून पडली असेल तर दहा मीटर लांब राहा. आसपासची जमीनही जिवंत असते. तुम्ही आधीच जवळ असाल तर मोठी पावले न टाकता दोन्ही पाय जुळवून घसटत बाहेर या.

• घरात ३० मिलीअँपिअरचा करंट तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवून घ्या आणि घराचे अर्थिंग तपासून घ्या. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढणे हा नियम करा.

आकड्याबद्दलही बोलले पाहिजे. मीटर मिळत नाही म्हणून काही घरे तारेवर आकडा टाकतात. या उघड्या जोडाला ना फ्यूज, ना अर्थिंग. तो पहिला जीव आपल्याच घरातला घेतो. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी महावितरणने २०२१ च्या १४ एप्रिलपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली. तिच्यात ५०० रुपये अनामत होती आणि तीही पाच हप्त्यांत भरता येत होती. अशी सवलत सध्या चालू आहे का, हे कार्यालयात जाऊन विचारा आणि मीटर घ्या.

नियम काय सांगतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत तारेचे अंतर ठरवून दिले आहे. घरगुती दाबाची उघडी तार घरावरून जात असेल तर छताच्या सर्वात उंच भागापासून ती किमान अडीच मीटर (सुमारे सव्वाआठ फूट) वर आणि बाजूने जात असेल तर किमान १.२ मीटर (चार फूट) लांब हवी. ११ हजार व्होल्टची तार किमान ३.७ मीटर (बारा फूट) वर आणि १.२ मीटर बाजूला हवी. ३३ हजार व्होल्टसाठी बाजूचे अंतर दोन मीटर आहे. १३२ किलोव्होल्टसाठी ते वर ४.६ मीटर आणि बाजूला २.९ मीटर होते. रस्ता ओलांडणारी तार घरगुती दाबाची असेल तर ५.८ मीटर आणि ११ हजारांची असेल तर ६.१ मीटर उंच असावी.

हे अंतर नजरेने पाहा, फोटो काढा, पण काठी, सळई किंवा टेप तारेकडे नेऊन मोजू नका. मोजायचे काम त्यांच्या माणसाचे आहे.

या नियमांची दुसरी बाजूही आहे. लाइनजवळ घर बांधायचे किंवा वाढवायचे असेल, तर आधी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवणे घरमालकावर बंधनकारक आहे. घरकुल मंजूर होताच, पाया खणण्याआधी हा अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. उद्या प्रश्न आला तर "आम्ही कळवले होते" हे सांगायला कागद हवा.

करंट लागल्यावर पहिली पाच मिनिटे

माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा किंवा प्लग काढा. ते जमले नाही तर कोरड्या लाकडी काठीने, कोरड्या जागेवर उभे राहून, घरगुती वायर बाजूला सारा. डीपी किंवा ११ हजारांची तार असेल तर काठीनेही जाऊ नका. महावितरणला फोन करून लाइन बंद करवून घ्या. नाहीतर एकाच्या जागी दोन मयत होतात.

माणूस सुटल्यावर हाक मारा. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध तळहात ठेवून दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत थांबू नका. करंट लागलेल्याला वाळूत किंवा ओल्या मातीत पुरून ठेवण्याची रीत आहे. तिने काही उतरत नाही, उलट जीव वाचवायची मिनिटे वाया जातात. वरून छोटीशी जखम दिसली तरी आतील स्नायू जळालेले असू शकतात आणि हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात. म्हणून शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्या. लघवी काळपट झाली तर डॉक्टरांना ताबडतोब सांगा.

दाद कशी मागावी?

तातडीच्या धोक्यासाठी १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पण लोंबती तार, उघडी पेटी, घराला टेकलेली लाइन यांसाठी नुसता फोन पुरत नाही. महावितरणच्या पाचोऱ्यातील कार्यालयात लेखी अर्ज द्या. खांबाचा किंवा डीपीचा क्रमांक, जागा, अंदाजे अंतर, किती घरांना आणि किती मुलांना धोका आहे, हे लिहा. फोटो जोडा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, पोच घ्या. एका घराचा अर्ज बाजूला पडतो, तीस घरांचा पडत नाही. त्याची एक प्रत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाला आणि एक नगरपालिकेला द्या. लाइन हलवण्याचा खर्च कोणी करायचा यावर काम अडते. तो वस्ती सुधारणेच्या निधीतून व्हावा, अशी मागणी नगरसेवकांकडे लेखी करा. कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, अशा पायऱ्या वीज कायदा २००३ ने दिल्या आहेत. तिथे वकील लावण्याची सक्ती नाही.

अपघात झालाच तर पोलिसांत नोंद करा आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी मागा. कलम १६१ मध्ये या चौकशीची तरतूद आहे. "तार दुसऱ्याने तोडली, आमची चूक नाही" असे वीज मंडळाने म्हटले तरी सुटका नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सांगितले आहे. रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार गेला होता. धोक्याची वस्तू जो चालवतो, नुकसानीची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने ठरवले आणि वारसांची भरपाई कायम केली.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांकडे विजेचाही विषय होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणसमितीसमोर बोलताना त्यांनी दारिद्र्यातून सुटकेसाठी उद्योग आणि उद्योगासाठी स्वस्त, मुबलक वीज हवी, अशी मांडणी केली. त्यांच्याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. वीज आपल्या वस्तीत यायलाच हवी होती आणि ती आली. आता ती नियमाच्या उंचीवरून, बंद पेटीतून, नीट अर्थिंग करून यावी, हे मागणे राहिले आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा-बारा जणांनी मिळून वस्तीतून एक फेरी मारावी. कोणत्या गच्चीजवळ तार आहे, कोणत्या पेटीला दार नाही, कोणत्या खांबाचा इन्सुलेटर फुटला आहे, याची यादी करावी. पावसाळा सुरू होण्याआधी ती यादी अर्जासह कार्यालयात पोहोचावी.